तीन थडग्यांचं तिकीट: राजांच्या दरीत काय बघाल?

इजिप्तमध्ये लक्झरला नाईलच्या पश्चिम काठावर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात, राजांची दरी आहे. टूरवाले तिला व्हॅली ऑफ द किंग्ज म्हणतात. तिथे आजवर साठाहून जास्त थडगी सापडली, पण साध्या तिकिटावर त्यांतली तीनच बघता येतात. शिवाय सगळी एका वेळी उघडी नसतात. रंगांना विसावा म्हणून आलटूनपालटून बंद ठेवतात. टूरमधून गेलात तर गाईड बहुधा दाराजवळची तीन दाखवतो आणि दोन तासांत तुम्ही परत बसमध्ये असता. म्हणून कोणती तीन बघायची हे ठाण्यात पंख्याखाली बसून ठरवा. तिथे उन्हात, रांगेत उभं राहून ते ठरत नाही.

विमान, हॉटेल याबद्दल सांगणारे शंभर जण भेटतील. तेव्हा ते थोडक्यात उरकते. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, कैरोहून लक्झर साधारण तासाभराचं उड्डाण. रात्रीची रेल्वेही आहे. व्हिसा लागतो आणि त्याचे नियम बदलत राहतात, म्हणून शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारू नका. मुंबईत इजिप्तचं कॉन्सुलेट आहे, तिथली ताजी माहिती घ्या. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, नाताळचा आठवडा टाळा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तर विचारसुद्धा करू नका, पारा चाळिशीच्या वर असतो आणि दरीत सावली म्हणून नाही.

आता मुद्द्याचं. मी वागळे इस्टेटमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. आधी ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगचं पेन, मग ऑटोकॅड. त्यामुळे मला कुठलीही जागा आधी प्लॅनमध्ये दिसते आणि मग डोळ्यांना. राजांच्या दरीत या खोडीचा भलताच उपयोग झाला, कारण तिथली थडगी प्लॅनवरून ओळखता येतात आणि निवडताही येतात.

ही दरी वापरात होती ती ढोबळमानाने इसवीसनपूर्व १५०० ते १०७५, म्हणजे अठराव्या ते विसाव्या राजघराण्यापर्यंत. सुरुवातीच्या राजांची थडगी उंच कपारीत दडवलेली, तोंड अरुंद, उतार तीव्र, आणि आतला मार्ग एके ठिकाणी काटकोनात वळणारा. मधल्या काळात, होरेमहेब राजापासून, मार्ग सरळ होतो, पण मध्यावर थोडा बाजूला सरकतो: पहिला अर्धा एका अक्षावर, पुढचा त्याला समांतर दुसऱ्या अक्षावर. शेवटी रामसेस नावाच्या राजांची रांग लागते. त्यांचा मार्ग नाकासमोर, रुंद, सौम्य उताराचा. दार लपवण्याचा आवही तोवर संपलेला. माझं म्हणणं एवढंच की तीन थडगी मिळतात ना, मग तीन काळांतली एकेक घ्या. एकाच काळातली तीन पाहिलीत तर तिसऱ्यात शिरताना 'हे आत्ताच पाहिलं की' असं वाटतं आणि लोक फोन काढून बसतात.

प्लॅन कुठून मिळवायचे? केंट वीक्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९७८मध्ये थीबन मॅपिंग प्रोजेक्ट सुरू केला. त्यांच्या संकेतस्थळावर दरीतल्या थडग्यांचे मोजमापासकट नकाशे फुकट आहेत. मी एकेक ए-फोर कागदावर छापून घेतला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. थडग्यांना केव्ही १, केव्ही २ असे क्रमांक आहेत (केव्ही म्हणजे किंग्ज व्हॅली). पहिले एकवीस विल्किन्सन या इंग्रज अभ्यासकाने १८२७मध्ये घातले, तेव्हाच्या माहितीप्रमाणे दाराकडून आत. नंतरचे क्रमांक सापडतील तसे पडत गेले. नावांपेक्षा क्रमांक लक्षात ठेवा. तिथल्या पाट्यांवर तेच असतात आणि रखवालदारांनाही तेच कळतात.

पहिल्या काळासाठी केव्ही ३४, थुतमोस तिसरा. दरीच्या अगदी टोकाला, दोन कड्यांच्या फटीत बरंच वर याचं तोंड आहे. आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग तेवढंच, किंबहुना जास्त, आत उतरायचं. मध्ये एक खोल विहीर खणलेली आहे, चोरांसाठी की पुराच्या पाण्यासाठी यावर विद्वानांत अजून वाद आहेत. मग मार्ग काटकोनात वळतो आणि तुम्ही गोलसर कोपऱ्यांच्या खोलीत पोचता. राजाचं नाव ज्या लांबट वर्तुळात लिहीत, त्याच आकारात ही खोली कोरली आहे. भिंतींवर भपकेबाज रंग नाहीत. काड्यापेटीतल्या काड्यांची माणसं असावीत अशा बारीक रेघांच्या आकृत्या, काळ्या आणि लाल शाईत, पपायरस या त्यांच्या कागदाची गुंडाळी भिंतीवर उलगडून चिकटवल्यासारख्या. सूर्य रात्रीचे बारा तास पाताळातून कसा प्रवास करतो, त्याचं हे वर्णन आहे. अलीकडच्या खोलीत ७४१ देवांची यादी आहे, चौकटी आखून. तेहतीस कोटींची सवय असलेल्या आपल्याला आकडा किरकोळ वाटतो, पण त्यांनी प्रत्येकाचं चित्र काढलंय.

मधल्या काळासाठी होरेमहेबचं केव्ही ५७ उघडं असेल तर दुसरं काही बघू नका, थेट तिकडे जा. तिथलं काम अर्धवट राहिलं, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. एका भिंतीवर नुसती चौकोनांची जाळी, दुसरीवर लाल रेघांचं कच्चं रेखाटन, त्यावर वरिष्ठाने काळ्या रेघांनी केलेल्या दुरुस्त्या, पुढे छिन्नीने उठावाचं चित्र कोरायला घेतलेलं आणि तिथेच थांबलेलं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या साहेबाने खालच्या माणसाचा खांदा दोन बोटं खाली घेतलेला बघताना मला आमच्या ऑफिसातल्या लाल पेनाच्या खुणा आठवून हसू आलं. रखवालदार माझ्याकडे बघत राहिला.

ते बंद असेल तर रामसेस तिसरा, केव्ही ११. काळ शेवटचा, पण इथेही मार्ग मध्येच बाजूला सरकतो, फक्त ते मुद्दाम नाही. याच्या वडिलांच्या काळात खोदकाम सुरू झालं आणि कामगार शेजारच्या केव्ही १० या आधीच्या थडग्यात घुसले. काम थांबलं. पुढे रामसेस तिसऱ्याने अख्खा अक्ष बाजूला सरकवून पुढचं खोदून घेतलं. साइटवर काम केलेल्या कुणालाही ती जागा बघून आपले दिवस आठवतील. सुरुवातीच्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या आहेत. एकीत राजाचा मुदपाकखाना रंगवलाय, एकीत गलबतं, एकीत शस्त्रं, एकीत वीणेसारखं वाद्य वाजवणारे आंधळे वादक. लोक या खोल्यांकडे न बघता सरळ आत धावतात. तुम्ही धावू नका.

शेवटच्या काळासाठी रामसेस चौथा, केव्ही २. दाराच्या जवळ, जवळजवळ पायऱ्या नाहीत, मार्ग ऐसपैस. गाईड मंडळींचंही हे लाडकं आहे, त्यामुळे गर्दी असते. पण माझ्या दृष्टीने हे थडगं वेगळंच. याचा त्या काळी काढलेला प्लॅन पपायरसवर सापडला आणि तो आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. प्रत्येक खोलीची मापं क्युबिट या त्यांच्या हातात दिलेली (साधारण साडेबावन्न सेंटिमीटर), दारं मात्र प्लॅनमध्येच उभी काढलेली. त्याची छबी फोनमध्ये ठेवा आणि आत उभं राहून ताडून बघा. मला तुरीनला जायचंय ते एवढ्यासाठी.

जास्तीचे पैसे कशावर घालायचे?

तीन थडग्यांना वेगळं तिकीट आहे: तुतानखामेन (केव्ही ६२), रामसेस पाचवा-सहावा (केव्ही ९) आणि सेटी पहिला (केव्ही १७). दर सारखे वाढतात, त्यामुळे आकडे देत नाही. निघायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर बघा. सेटीचं तिकीट साध्या तिकिटाच्या दुपटीहूनही जास्त असतं. केव्ही ९चं सगळ्यांत स्वस्त आहे आणि ते प्रत्येकाने घ्यावंच. दफनाच्या खोलीचं अख्खं छत म्हणजे नूत ही आकाशदेवी, पाठीला पाठ लावून दोनदा काढलेली. संध्याकाळी ती सूर्य गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. भिंतींवर ग्रीक आणि रोमन प्रवाशांनी आपली नावं खरडून ठेवली आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. 'अमुक आला होता' हा रोग गडांवरच्या भिंतींवरच आहे असं नाही.

तुतानखामेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सोन्याचा मुखवटा बघायला जात असाल तर तो तिथे नाही. त्याच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू कैरोजवळच्या गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये मांडल्या आहेत. हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या माणसांना १९२२च्या ४ नोव्हेंबरला या थडग्याची पहिली पायरी लागली. तोवर हे वाचलं कारण रामसेस सहाव्याचं थडगं जवळच वर खोदताना निघालेला राडारोडा आणि कामगारांच्या झोपड्या याच्या दारावर आल्या. थडगं लहान, रंगवलेली खोली एकच, पश्चिमेच्या भिंतीवर बारा माकडं. पण राजा स्वतः आहे. दरीतल्या नावाजलेल्या राजांपैकी आपल्या थडग्यात राहिलेला तो एकटा, काचेच्या पेटीत, काळी पावलं आणि चेहरा उघडा. तेवढ्यासाठी जायचं तर जा.

आणि पैसे एकदाच उधळायचे असतील तर सेटीवर. १८१७मध्ये बेल्झोनी नावाच्या इटालियनाने हे शोधलं. आधी हा गृहस्थ इंग्लंडात ताकदीचे खेळ करून पोट भरायचा. दारापासून तळापर्यंत सव्वाशे मीटरच्या वर, आणि दारापासून दफनाच्या खोलीपर्यंत सजवलेलं हे दरीतलं पहिलं थडगं. उठाव इतका नाजूक की राजाच्या झिरझिरीत वस्त्राच्या चुण्या मोजता येतात. दफनाच्या खोलीचं छत कमानदार, निळं, त्यावर नक्षत्रं. मध्ये एक खोली मात्र नुसत्या रेखाटनांची आहे, लाल-काळ्या रेघांची, छिन्नी न लागलेली. मी सर्वांत जास्त वेळ तिथे काढला. अलाबास्टर या पांढुरक्या दगडाची शवपेटी बेल्झोनीने नेली, ती लंडनच्या सोन म्युझियममध्ये आहे.

गुडघे

नेरुळच्या आमच्या थोरल्या जाऊबाई बरोबर होत्या. त्यांचे गुडघे नाजूक. केव्ही ३४च्या जिन्याखाली त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू ये बघून. मी इथे सावली शोधते." मी म्हटलं, "वहिनी, सावली नाहीच इथे, तुम्ही केव्ही २मध्ये जा परत." साध्या तिकिटावर त्यांची तीन आम्ही आधीच वेगळी काढली होती: केव्ही २, केव्ही ६ (रामसेस नववा) आणि केव्ही १ (रामसेस सातवा). तिन्ही दाराच्या बाजूची, चालायला सोपी. एकाच घरातल्या दोघांनी तीच तीन बघायला हवीत असा नियम नाही, हे गाईडला आधी सांगून ठेवा.

ज्यांना खोल उतरायचंय त्यांनी महिनाभर आधी सराव करावा. कचराळी तलावाभोवतीच्या सपाट फेऱ्या इथे कामाच्या नाहीत. मुंब्रादेवीच्या पायऱ्या करा, आणि उतरताना कठडा न धरता. कारण थडग्यात आधी उतार असतो, तेव्हा माणूस उत्साहात खाली जातो आणि चढ दमल्यावर येतो. शिवाय आत वारा नाही. बाहेर थंडी असली तरी खाली संध्याकाळच्या कर्जत लोकलसारखा दमट उबारा असतो. दम्याचा त्रास असेल तर केव्ही ३४ आणि केव्ही ८ (मेरेनप्ताह) सोडून द्या.

त्या दिवशी

दरी सकाळी ६ला उघडते. तेव्हा दारात असणं हेच मोठं काम. लक्झरची मोठी हॉटेलं पूर्व काठावर आहेत आणि मोटारीने यायचं तर दक्षिणेच्या पुलावरून वळसा पडतो. लक्झर मंदिरासमोरच्या धक्क्यावरून स्थानिक लोकांची फेरी बोट मिळते, पलीकडे टॅक्सी. सर्वांत सोपं म्हणजे दोन रात्री पश्चिम काठावरच्याच एखाद्या छोट्या गेस्ट हाउसमध्ये राहणं. क्रूझवाले आणि समुद्रकाठच्या हुरघाडाहून निघालेल्या बस नंतर येतात. तोवर तुमची लांबची दोन बघून झालेली असावीत. म्हणून टोकापासून सुरुवात करा आणि दाराकडे या. सगळे उलट करतात.

तिकीट खिडकीवर कार्ड लागतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, दुसरं कार्डही बाळगा. कॉलेजात जाणारं कुणी असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढा, तिकीट निम्मं होतं. तिकिटघरापासून थडग्यांपर्यंत बॅटरीवरच्या छोट्या गाड्या आहेत, त्यांना तिथे तफतफ म्हणतात. भाडं किरकोळ, पाय वाचवा.

गाईडला थडग्यात बोलायची परवानगी नसते. तो बाहेर फलकाजवळ समजावतो, आत तुम्ही एकटे. म्हणूनच तो छापलेला प्लॅन हवा. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅश नाही. आणखी एक वस्तू सांगते, जी कुणी नेत नाही: छोटी दुर्बीण. येऊरला पक्षी बघायला जाणाऱ्या कुणाकडे तरी असतेच, मागून घ्या. छतावरचे तारे मान मोडून बघण्यापेक्षा बरं.

आत भिंतींना हात नको, पाठीवरची सॅक पुढे घ्या. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. हा चुनखडक आहे, अजिंठ्याच्या बेसाल्टपेक्षा खूप मऊ, आणि खोल थडग्यांत त्याच्याखालचा शेल हा मातकट खडक लागतो. त्याला ओल मिळाली की तो फुगतो आणि वरचे खांब तडकतात. आपला घाम आणि श्वास म्हणजे ओलच. माणसं कमी करण्यासाठी कार्टरच्या जुन्या घराजवळ तुतानखामेनच्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती २०१४मध्ये बसवली आहे. तिथे कुणी घाई करत नाही आणि रंग नाकाजवळ जाऊन बघता येतात.

रखवालदार तुमच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा देईल, वारा घ्यायला. किंवा दोरीपलीकडे बोट करून 'या, या' करेल. दोन्हीचे पैसे लागतात. पुठ्ठा हवा असेल तर घ्या, छोटी नोट द्या, खिशात सुट्या नोटा ठेवाच. दोरीपलीकडे मात्र जाऊ नका. ड्रायव्हरला सकाळीच सांगा की अलाबास्टरच्या दुकानात थांबायचं नाही. एकदा सांगून भागत नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर अंगात त्राण असेल तर देर अल-मदिनाला जा. ज्या लोकांनी ही थडगी खोदली आणि रंगवली त्यांचं हे गाव, घरांचे चौथरे अजून आहेत. तिकीट दरीत नाही, मेम्ननच्या दोन प्रचंड पुतळ्यांजवळच्या खिडकीवर मिळतं. या कामगारांनी फावल्या वेळात स्वतःसाठीही थडगी केली. सेनेजेमचं बघा: वाकून उतरायचं, एकच लहान खोली, आणि रंग राजांपेक्षा ताजे. तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात पीक कापताहेत, अंगावर लग्नाला नेसावेत असे शुभ्र कपडे. याच गावकऱ्यांनी रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून काम टाकलं आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. नोंदवलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणतात तो हाच. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गेटसभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी हे गाव चुकवू नये.

राण्यांच्या दरीतलं नेफरतारीचं थडगं कित्येकदा बंद असतं. उघडं मिळालं तर तिकीट महाग आणि आत मोजकी मिनिटं, पण रंगांसाठी सेटीच्या तोडीचं तेच.

शाकाहारी असाल तर काळजी नको. फूल म्हणजे शिजवलेला बाकला, त्याचेच तळलेले वडे म्हणजे तामिया, आणि कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा आंबट रस आणि वर कुरकुरीत कांदा. पोट गच्च भरतं. जाऊबाईंनी ठेपले नेले होते, ते त्यांनी विमानतळावरच संपवले.

आता क्रमाबद्दल एक. बहुतेक टूर आधी कैरो करतात, मग लक्झर. जमलं तर उलट करा: कैरोला उतरून तसंच पुढचं विमान धरा, संग्रहालयं शेवटी ठेवा. रिकाम्या खोल्या डोळ्यांत असल्या की तिथल्या वस्तू कुठे होत्या ते आपसूक कळतं. तुतानखामेनच्या वस्तू गिझाला, पण बहुतेक राजांच्या ममी तिथे नाहीत. चोरांपासून वाचवायला पुरोहितांनी त्यांतल्या बऱ्याच एका कपारीत एकत्र दडवल्या होत्या. १८८१मध्ये त्या सरकारी खात्याच्या हाती आल्या, कारण जवळच्याच गावातलं एक कुटुंब वस्तू गुपचूप विकत होतं. ३ एप्रिल २०२१ला बावीस राजेराण्यांची कैरोच्या रस्त्यांवरून वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि आता ती मंडळी कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत. सेटी पहिला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा तिथेच भेटतात. त्या दालनात फोटो काढू देत नाहीत, आणि गिझाहून तिथे पोचायला कैरोच्या ट्रॅफिकमध्ये घोडबंदर रोडइतकाच वेळ धरा.